जबड्याचे हाड आणि दुधाचा दात

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले उभे राहतात, तहांची कलमे आठवतात आणि सनावळ्या पाठ करून घेणारे मास्तर आठवतात. त्या मास्तरांपैकीच मी एक असल्यामुळे त्यांच्याविषयी अधिक बोलत नाही. परंतु माणसाच्या अंगातील एखाद्या हाडालाही इतिहास असतो आणि तो लढायांच्या इतिहासाहून कमी चित्तवेधक नसतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. मी म्हणतो ते हाड खालच्या जबड्याचे. चेहऱ्याचा गेलेला भाग माणसाच्याच अंगातील जिवंत तुकड्याने पुन्हा उभा करता येईल काय, या एका प्रश्नामागे लोक शतकानुशतके लागलेले आहेत. त्या खटपटीचा एक धागा आपल्या पुण्यातून निघतो आणि फिरत फिरत, पोरांच्या पडलेल्या दुधाच्या दातापाशी येऊन पोचतो.

हा विषय मला का सुचला ते सांगितले पाहिजे. आमचे देगलूर हे महाराष्ट्राच्या अगदी काठावरचे गाव. तेलंगण हाकेच्या अंतरावर, कर्नाटकही लांब नाही. १९४८ पर्यंत सारा मुलूख निजामाचा. त्यामुळे बाजारात मराठीबरोबर तेलुगू, कानडी आणि उर्दूही चालते. भाषा चार असल्या तरी तंबाखूची चंची मात्र सगळ्यांची एक. तंबाखू-चुना, सुपारी, मिश्री आणि गुटखा यांतील काहीतरी तोंडात असल्याशिवाय आमच्याकडे गप्पांना रंग चढत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. ती आली हे खरे. पुढे काय झाले ते वाचकांनी आपापल्या कोपऱ्यावरच्या टपरीवर पाहावे. बाजाराच्या दिवशी अर्धा चेहरा रुमालात गुंडाळलेला एखादा माणूस दिसला की त्याला काय झाले असेल हे कोणी विचारीत नाही. सगळ्यांना ते ठाऊक असते. त्याच्या गालात कर्करोग झाला, तो हाडापर्यंत पोचला, आणि डॉक्टरांनी हाडासकट तो भाग काढून टाकला. माणूस वाचला, पण चेहरा राहिला नाही.

जबड्याचे हाड जाणे म्हणजे काय, हे हातपाय मोडलेल्याला कळायचे नाही. चेहऱ्यावरच्या मोठ्या हाडांत हलणारे हाड हे एकटेच. चावणे, बोलणे, गिळणे यांचा सगळा भार त्याच्यावर. जिभेचा पुढचा आधारही त्याचाच. हनुवटीचा भाग गेला तर जीभ मागे पडून श्वास कोंडतो. शिवाय या हाडाचे आणि दातांचे सख्य विलक्षण आहे. दात ज्या कण्यात रोवलेले असतात तो हाडाचा भाग जणू दातांसाठीच जगतो. दात पडले की तो झिजू लागतो. आजीच्या तोंडाचे बोळके होऊन तिची हनुवटी नाकाकडे झुकते, ती केवळ दात गेल्यामुळे नव्हे, तर दातांखालचे हाड विरल्यामुळे. दात आहे म्हणून हाड आहे, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता पुण्याकडे वळू.

टिपू सुलतान आणि इंग्रज यांच्यात १७९० ते १७९२ या काळात जी लढाई झाली, तीत पेशवे आणि निजाम हे दोघेही इंग्रजांच्या बाजूने होते. म्हणजे त्या वेळी आमच्या भागाचा धनी आणि पुण्याचा धनी एकाच पक्षात होते. असा योग फार वेळा आला नाही. १७९५ साली खर्ड्याला ते एकमेकांसमोर उभे राहिलेच. असो. त्या काळची फौज बैलांच्या पाठीवर चालत असे. दाणागोटा, तंबू, दारूगोळा सगळे बैल वाहणार. इंग्रजांच्या फौजेत असाच एक बैलवाला होता. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे पडले आहे आणि तो शेतकरी जातीचा मराठा होता असेही म्हटले आहे. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिले. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले.

टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टर. त्यांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. तिचे वर्णन १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात छापून आले. मोठी पाने भरून टाकील असे ते नाही. पण एखाद्या चांगल्या सुताराने आपले काम समजावून सांगावे तसे ते सरळ आहे. कारागीर प्रथम मेणाची पातळ पट्टी घेऊन तिचे नाक घडवतो आणि ते चेहऱ्यावर शोभते की नाही ते पाहतो. मग तीच पट्टी सपाट करून कपाळावर ठेवतो, तिच्याभोवती रेघ मारतो आणि तेवढी कातडी सोडवून घेतो. पण पूर्ण नव्हे! दोन्ही डोळ्यांच्या मध्ये कातडीची एक बारीक पट्टी तो तशीच राखून ठेवतो. मग ती कातडी पिळून खाली आणतो आणि नाकाच्या जुन्या जागी कडा ताज्या करून त्यांत बसवतो. टाका नाही. सांधा धरून ठेवण्यासाठी पाण्यात कालवलेला काथ, कापडाच्या पट्ट्यांवर लावून, एकावर एक पाचसहा थर. होय, विड्याला लावतो तोच काथ. चार दिवस ते हलवायचे नाही. नंतर तुपात भिजवलेले कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, नवे नाक आपल्या जागी रुजले की, ती राखून ठेवलेली पट्टी कापून टाकायची.

साऱ्या प्रकरणाचा जीव आहे तो त्या पट्टीत. तिच्यातून रक्त वाहते. कातडी कपाळावरून निघाली तरी तिचा शिधा बंद झालेला नसतो, आणि नव्या जागी शिधा सुरू होईपर्यंत जुना शिधा तोडायचा नाही, एवढे त्या कारागिराला पक्के माहीत होते. सुश्रुताने गालाच्या कातडीचे नाक करायला सांगितले आहे. तिथेही तुकडा गालाशी जोडलेलाच ठेवायचा आहे. पुण्याच्या माणसाने कपाळ घेतले. मधल्या शतकांत कोणाच्या हातून हा बदल झाला हे कोठे लिहिलेले नाही. आपल्याकडे विद्या बापाच्या हातून मुलाच्या हाती जाते आणि वाटेत नावे गळून पडतात. इंग्रज डॉक्टरांची नावे राहिली, कावसजीचेही राहिले. ज्याच्या बोटांनी हे केले त्याचे नाव त्या वृत्तात नाही. जेम्स वेल्स नावाचा चित्रकार तेव्हा पुण्यात होता. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे काढली तोच हा. त्याने १७९४ च्या जानेवारीत कावसजीचेही चित्र काढले. तेव्हा नवे नाक बसून दहा महिने झाले होते. नाक सुरेख दिसते. पण मला ते चित्र पाहून कारागिराचेही चित्र असते तर, असे राहून राहून वाटते.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने हे वर्णन मनावर घेतले. प्रेतांवर हात बसवून घेण्यात त्याने काही वर्षे घालवली आणि १८१४ च्या ऑक्टोबरात एका लष्करी अधिकाऱ्यावर हीच शस्त्रक्रिया केली. १८१६ मध्ये त्याने आपल्या दोन रोग्यांवर पुस्तक लिहिले. दोनच वर्षांनी बर्लिनमध्ये ग्रेफे याचे पुस्तक निघाले आणि विद्येला युरोपात बूड मिळाले. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकांतून डोके वर काढणाऱ्या हजारो सैनिकांचे चेहरे गोळ्यांनी आणि तोफेच्या तुकड्यांनी फाटले. त्यांच्यासाठी १९१७ साली इंग्लंडमध्ये सिडकप येथे खास रुग्णालय निघाले. हॅरॉल्ड गिलीज हे तेथील प्रमुख शस्त्रवैद्य. त्यांच्या बरोबरीने दंतवैद्य काम करीत, कारण जबडा बसवायचा तर दाताला दात जुळवल्याशिवाय बसत नाही. या गिलीजसाहेबांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंतिया मायदेशी परतले आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात महारोगाने बसलेली नाके उभी करू लागले. पुण्याहून गेलेली विद्या अशी दीडशे वर्षांनी, इंग्लंडचे पाणी पिऊन, पुण्याच्या वेशीवर परत आली. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अंतियांनी याच शास्त्राचे मोठे कार्य उभारले.

कातडीचे हे झाले. हाडाचे तसे नाही. कातडी पिळता येते, ताणता येते. हाड ना पिळत ना वाकत. १८८० च्या सुमारास ग्लासगो येथे विल्यम मॅकेवेन यांनी एका मुलाच्या दंडाचे गेलेले हाड दुसऱ्या रोग्यांच्या हाडांचे तुकडे बसवून उभे केले. त्यानंतर कमरेच्या हाडाचा तुकडा काढून जबड्यात बसवण्याची रीत पडली. लहानशा पोकळीसाठी ती आजही चालते. पण तुकडा मोठा असला की जुनीच अडचण उभी राहते. त्या तुकड्याचा शिधा तुटलेला असतो. रक्त पोचत नाही तो भाग मरतो, आणि तोंडासारख्या ओल्या, जंतूंनी भरलेल्या जागेत मेलेले हाड टिकत नाही.

यावर तोड निघाली ती १९८९ साली. न्यूयॉर्कच्या हिडाल्गो या डॉक्टरांनी पायाच्या नळीला लागून असलेले बारीक हाड, त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढून, कापून आणि कोन देऊन जबड्याच्या आकाराचे केले आणि त्या रक्तवाहिन्या मानेतील रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडल्या. कोणी काही म्हणो, मला त्यात पुण्याच्या विटाळ्याची ती कातडीची पट्टीच दिसते. त्याने जुना शिधा राखून ठेवला. यांनी तो तोडून नव्या घरी जोडून दिला. आज मोठ्या रुग्णालयांत कर्करोगाने गेलेला जबडा बहुतकरून असाच उभा करतात. १९४१ साली परळला सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आपल्याकडे या कामी ख्यात आहे. गोव्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांनी तिथे कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत आयुष्य घातले. परळच्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. आमच्या बाजूला जवळचे म्हणजे बार्शी. तेथे १९८७ पासून बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील कर्करोग्यांची गावोगाव फिरून नोंद ठेवतात. खेड्यांसाठी अशी नोंदवही भारतात तीच पहिली.

सुपारीबद्दलही येथेच सांगून टाकतो, कारण दिवाळीत पानाचे तबक घरोघर फिरते. सुपारी खाणाऱ्यांच्या गालाच्या आतील कातडी ताठ होऊन तोंड उघडेनासे होते, या रोगाचे वर्णन भारतात प्रथम मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ च्या सुमारास केले. नुसती सुपारीही कर्करोग करते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली दिला. काथाने नाक सांधले, ते बरे. पण त्याच विड्यातील सोबत्याने जबडा नेला!

पायाचे हाड काढायचे म्हणजे रोग तोंडात आणि जखम पायालाही. दहाबारा तास चालणारे काम, सूक्ष्मदर्शक, दोन तुकड्यांनी राबणारे डॉक्टर. ते साऱ्यांच्या आवाक्यातले नव्हे. म्हणून शास्त्रज्ञांनी निराळा प्रश्न विचारला. हाड आणून बसवण्यापेक्षा ते तिथेच पिकवता येणार नाही काय? मोडलेले हाड आपले आपण सांधते, म्हणजे शरीरात कोठेतरी हाडाचे बियाणे असलेच पाहिजे. मॉस्कोच्या फ्रीडेनश्टाइन यांनी १९६० नंतरच्या दहा वर्षांत ते हाडातील मगजात शोधून काढले. मगजातील काही थोड्या पेशी काचेच्या बशीत चिकटतात, वाढतात, आणि प्राण्याच्या अंगात ठेवल्या की हाड घडवतात. अशा पेशींना मूलपेशी म्हणतात. ज्यांनी अजून आपला धंदा ठरवलेला नाही अशा त्या पेशी. योग्य संगत मिळेल तसे हाड, कूर्चा किंवा चरबी होणाऱ्या. शाळामास्तराला त्या फार ओळखीच्या वाटतात.

अशा पेशी दातात असतील असे कोणाच्या मनात नव्हते. दात म्हणजे निर्जीव दगड, फार तर आत एक नस, अशी आपली समजूत. ती नस म्हणजे दाताचा गाभा. रक्त, मज्जातंतू आणि पेशी यांनी भरलेला. २००० साली अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय संस्थेत ग्रॉन्थोस, शी आणि त्यांच्या सोबत्यांनी तरुण माणसांच्या काढून टाकलेल्या अक्कलदाढा घेतल्या, फोडल्या, आणि गाभ्यातील पेशी वाढवून पाहिल्या. त्या मूलपेशी निघाल्या. उंदराच्या कातडीखाली ठेवल्यावर त्यांनी दाताच्या आतील कठीण थरासारखा पदार्थ घडवला. यातील सोंगताओ शी हे लहान मुलांचे दंतवैद्य. त्यांच्या स्वतःच्या मुलीचा दुधाचा दात पडला, तेव्हा त्यांना त्याच्या आत लालसर गाभ्याचा अवशेष दिसला. त्यातून पुढचे संशोधन निघाले आणि २००३ साली ते प्रसिद्ध झाले. आपल्याकडे दुधाचा दात पडला की पोरगे तो माळवदावर फेकते आणि उंदीरमामाकडे नवा मागते. शींनी तो प्रयोगशाळेत नेला. शेवटी तो दात कामी आला तो उंदराच्याच अंगावर, हा योगायोग गमतीचा आहे.

सात-आठ वर्षांच्या मुलांच्या दातांवर ते प्रयोग झाले. एका दातात अशा पेशी सापडल्या जेमतेम बारा ते वीस. मात्र वाढीचा वेग मोठा. त्याहून मनोरंजक गोष्ट निराळीच होती. दुधाच्या दातातील या पेशी स्वतः हाड झाल्या नाहीत. त्यांनी उंदराच्याच अंगातील हाड घडवणाऱ्या पेशींना बोलावून घेतले आणि हाड त्यांच्याकडून घडवून घेतले. गवंड्यापेक्षा मुकादमाचे काम म्हणा ना.

दातातील पेशींनाच जबड्याची ओढ का असावी? आईच्या पोटात गर्भ अगदी लहान असतो, तेव्हा त्याच्या पाठीवर मेंदू आणि कणा यांची घडी पडत असते. त्या घडीच्या कडेवरून काही पेशी सुटतात आणि चालत चालत चेहऱ्याच्या जागी येतात. त्यांच्यापासूनच जबड्याचे हाड होते आणि त्यांच्यापासूनच दाताचा गाभा. पायाचे हाड मात्र दुसऱ्या कुळीचे. म्हणजे जबड्याच्या दुखण्याला पायाचे हाड हा दत्तक मुलगा, आणि दाताचा गाभा हा सख्खा भाऊ. दत्तक मुलगेही घर उत्तम चालवतात, हे खरे. पण भावाला हाक मारून पाहायला हरकत नव्हती.

ती हाक नेपल्सच्या डॉक्टरांनी मारली. इटलीतील त्या शहरात पापाच्चो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली आपले काम प्रसिद्ध केले. त्यांचे रोगी असे होते की ज्यांच्या खालच्या अक्कलदाढा आडव्या अडकून शेजारच्या दाढेमागचे हाड खाऊन बसल्या होत्या. डॉक्टरांनी प्रथम त्या रोग्यांच्या वरच्या अक्कलदाढा काढून गाभ्यातील पेशी तीन आठवडे वाढवल्या. मग खालच्या दाढा काढल्या. एका बाजूच्या खड्ड्यात पेशी घातलेला कोलॅजनचा स्पंज भरला. दुसऱ्या बाजूच्या खड्ड्यात नुसता स्पंज. एकाच माणसाच्या तोंडात दोन्ही, म्हणजे तुलनेला खोट नको. तीन महिन्यांनी पाहिले तो पेशींच्या बाजूचे हाड उंच आणि भरलेले. माणसाच्या जबड्यात दाताच्या पेशींनी हाड पिकवल्याचा हा गाजलेला दाखला.

पण थांबा. त्याच डॉक्टरांनी तीन वर्षांनी त्याच रोग्यांचे हाड पुन्हा तपासले आणि २०१३ साली प्रामाणिकपणे लिहिले की तयार झालेले हाड त्या जागी असते तसे जाळीदार नाही. ते घट्ट, भरीव आहे. काम भागते, पण निसर्गाने घडवले असते तसे ते नाही. मला या दुसऱ्या लेखाबद्दल पहिल्यापेक्षा अधिक आदर वाटतो. पहिल्याने नाव झाले होते. दुसरा लिहिला नसता तर कोणी विचारले नसते.

पुढची कथा सरळ चढत्या पायऱ्यांची नाही. चीनमध्ये शीआन येथे दाताच्या मुळाभोवतीच्या धाग्यांतील पेशी घेऊन हिरड्याखालचे झिजलेले हाड भरण्याचा प्रयोग झाला. २०१६ साली निकाल आला: पेशींपासून अपाय नाही, पण पेशी घातलेले आणि न घातलेले यांत ठरण्याजोगा फरकही नाही. स्पेनमध्ये अक्कलदाढेच्या खड्ड्यात गाभ्यातील पेशी, प्रयोगशाळेत न वाढवता, लगेच भरून पाहिल्या. २०१८ चा निकाल तसाच. उलट ब्राझीलमध्ये साव पावलोच्या डॉक्टरांनी ओठ आणि टाळू फाटलेल्या मुलांच्या हिरडीतील फट दुधाच्या दातातील पेशींनी भरली आणि २०२० साली दाखवले की वर्षअखेर भरलेले हाड कमरेचे हाड वापरलेल्या मुलांच्या जवळजवळ तोडीस तोड आहे. कमरेची जखम मात्र वाचली. मुले थोडी होती, हेही सांगितले पाहिजे. दुभंगलेल्या ओठाची मुले आपल्याकडे काही कमी नाहीत, म्हणून या प्रयोगावर माझे विशेष लक्ष आहे.

आता जी गोष्ट सांगायची ती सांगताना मला थोडा राग येतो, तो वाचकांनी सणाच्या दिवशी क्षमा करावा. शास्त्र या अर्ध्या वाटेवर असतानाच बाजार पुढे जाऊन बसला. मोठ्या शहरांतून दुधाचे दात सांभाळून ठेवण्याच्या पेढ्या निघाल्या. मुलाचा दात पडायला आला की तो आमच्याकडे द्या, आम्ही तो अतिशीत पेटीत वर्षानुवर्षे ठेवू, पुढे मुलाला मधुमेहापासून लकव्यापर्यंत काहीही झाले तरी हाच दात कामी येईल, अशी त्यांची भाषा. सोबत रंगीत पुस्तिका आणि हप्त्यांची सोय. माझ्या वर्गातील एका मुलाच्या वडिलांनी अशीच पुस्तिका मला आणून दाखवली. गृहस्थ शहरात नोकरीला, पगार बेताचा. ते म्हणाले, "गुरुजी, पोराच्या जन्माचा प्रश्न आहे. आज पैसे वाचवले आणि उद्या गरज पडली तर मी त्याला काय तोंड दाखवू?" बापाच्या या धास्तीवरच तो धंदा उभा आहे, दातावर नव्हे.

मी काही डॉक्टर नव्हे. मॅट्रिकच्या पुढे कॉलेजची पायरी चढलो नाही. पण छापलेले वाचता येते. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मूलपेशींबाबत २०१७ साली जी राष्ट्रीय सूत्रे ठरवली, त्यांत स्पष्ट आहे की अशा साठवणुकीस मान्यता आहे ती फक्त नाळेतील रक्ताला. दात आणि इतर ऊतींची व्यापारी साठवण त्या सूत्रांना मान्य नाही, कारण तिच्या उपयोगाला शास्त्राचा आधार पुरेसा नाही. मी त्या गृहस्थांना हे दाखवले. शिवाय एक साधी गोष्टही सांगितली. नेपल्सच्या डॉक्टरांनी वीस वर्षे जपलेला दात वापरला नव्हता. रोग्याची अक्कलदाढ काढायची होती, ती काढली आणि तीन आठवड्यांत वापरली. मोठेपणी गरज पडलीच तर बीज बहुधा तोंडातच सापडेल. ते बराच वेळ पुस्तिका चाळत बसले. मग म्हणाले, "पण गुरुजी, हे लोक कोट घालून आले होते." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पुण्याच्या कारागिराजवळ कोट नव्हता. त्याच्याकडे मेण होते, काथ होता, आणि त्याचे काम दोन परक्या डॉक्टरांनी जवळ उभे राहून पाहिले. कातडी किती दिवसांनी तोडायची, हा आकडासुद्धा त्यांनी टिपून घेतला. म्हणूनच वीस वर्षांनी लंडनमध्ये दुसऱ्याला ते करता आले. दाताच्या पेशींचे खरे संशोधक हेच करीत आहेत: किती रोगी, कोणती बाजू, किती महिने, काय जमले आणि काय फसले. देगलूरच्या बाजारातील रुमालवाल्या माणसासाठी ते कोठवर आले आहेत, हे आता सांगतो.

आजवर दाताच्या पेशींनी भरले आहेत ते दाढेएवढे खड्डे आणि हिरडीतील फटी. कर्करोगाने गेलेला वीतभर जबडा त्यांनी कोठेही उभा केलेला नाही. याची कारणे दोन. पहिले म्हणजे तोच जुना शिधा. खड्डा लहान असला तर चारी बाजूंच्या हाडातून नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात. मोठ्या तुकड्याच्या मध्यापर्यंत त्या पोचेतो आतील पेशी उपाशी मरतात. नेपल्सच्या डॉक्टरांचे म्हणणे असे की गाभ्यातील पेशी हाडाबरोबर रक्तवाहिन्याही घडवू शकतात. ते खरे ठरले तर मोठी अडचण सरेल. दुसरे कारण अधिक अवघड. जिथे नुकताच कर्करोग होता, तिथे वाढीचा निरोप घेऊन जाणाऱ्या पेशी सोडणे कितपत सुरक्षित आहे? मुकादमाने हाक मारली आणि गवंड्यांबरोबर जुना दरवडेखोरही उठून आला तर? याची खात्री पटल्याशिवाय कोणताही शहाणा डॉक्टर त्या वाटेने जाणार नाही, आणि जाऊही नये.

तोवर आमच्या भागातील कोणी जबडा गेलेला माणूस, किंवा त्याचा मुलगा, मला विचारतो तेव्हा मी दाताच्या पेशींचे नाव काढीत नाही. बार्शीला किंवा परळला जाऊन पायाच्या हाडाबद्दल विचारा, जमल्यास कर्करोग काढतानाच जबडा उभा करून मिळतो का तेही विचारा, आणि तंबाखू आजच टाका, असे सांगतो. त्यावर बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: पायाचे हाड काढल्यावर शेतात चालता येते काय? येते. शरीराचा भार पेलणारे हाड ते नव्हे. तो भार शेजारची जाड नळी पेलते, आणि ती जागच्या जागी असते.